सादळलेली माती

हे मी कुणाला बोललेले नाही. पारूला तर नाहीच — पारू माझी जाऊ. तुला सांगते, कारण तू मध्ये बोलणार नाहीस.

कामथडीच्या बाजूला एका कारखान्यात मी प्रयोगशाळेतली भांडी धुते. तिथं साबणात घालायचं, फुलासारख्या वासाचं रसायन बनतं. साहेब लोक त्याला कीटोन म्हणतात. ते बनवताना एक पिवळट पावडर घालतात. हवा लागली की ती धूर सोडते, आणि तो धूर घशात बसतो. पारू त्या टाकीवरच कामाला.

मग पुण्याहून संशोधन करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी पावडरीच्या जागी एक माती आणली — भाजून कोरडी केली की तेच काम करणारी, बिनधुराची. ती भाजून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरायचं काम माझ्याकडं.

"ह्या मातीनं धूर बंद व्हनार म्हनं," पारू म्हणाली होती. "मग हसताना खोकला तरी न्हाई यायचा."

हे मी ऐकलं होतं. ध्यानात ठेव.

एकदा बाईंनी सगळ्यांसमोर नाकाला रुमाल लावला. "मावशी, शेळ्यांबरोबर झोपता का? माझ्या मालाला वास लागेल."

सगळे हसले. आमच्या दारात शेळ्या आहेत, खरं आहे. मला तोंड वर करून बोलता येत नाही — कधीच आलं नाही. पण ही माती पापडासारखी सादळते आणि सादळली की निकामी होते, हे मला कुणी शिकवलं? बाईंनीच ना?

भांडी धुताना मोरीत गरम पाण्याची वाफ व्हायची. मातीची बाटली उघडून मी त्या वाफेवर धरायची — मग झाकण घट्ट. बघून काही कळायचं नाही.

"नीट भाजली ना, मावशी?"

"व्हय, बाई."

प्रत्येक खेपेला हेच. प्रत्येक खेपेला माल फसला. शेवटी मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमची माती चूल सारवायला न्या आता." तसेच हसले सगळे. बाई रडल्या. मी पाणी नेऊन दिलं — जवळून बघायला मिळावं म्हणून.

बाई गेल्या. धुराची पावडर राहिली.

पारू अजून त्याच टाकीवर आहे. रात्री घरी भिंतीपलीकडून तिचा खोकला येतो. मी सुंठ-गूळ नेऊन देते, तर म्हणते, "तू हायेस म्हनून बरं."

आणि तरी — बाईंचा तो रडका चेहरा आठवला की मला आजही बरं वाटतं. पारू खोकत असते तेव्हासुद्धा.