निमकरकाकूंचे शनिवार

"पड रे, पड! एकदा तरी पडा कुणीतरी!"

शारजाच्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला गेलो, त्याच आठवड्यातल्या शनिवारी रात्री भिंतीपलीकडून हे ऐकू आलं. शेजारी मराठी माणूस आहे म्हणून आनंद मानावा की घाबरावं, ते कळेना. शेवटी मी बेल वाजवली. दार उघडलं ते पन्नाशी ओलांडलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या एका बाईंनी. टीव्हीवर हेल्मेट घातलेली दांडगी अमेरिकन मुलं लांबट चेंडूसाठी एकमेकांवर आदळत होती.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "माझी मुलगी आहे यात."

"कुठे?"

"आत्ता नाही दिसणार. कुणी पडलं की दिसेल."

त्या निमकरकाकू. एका इंडियन स्कूलमध्ये विज्ञान शिकवायच्या. नवरा शारजातच गेला, तेव्हा ऋता, त्यांची एकुलती एक मुलगी, चौथीत होती. लोक म्हणाले, आता पुण्याला परत जा. काकू म्हणाल्या, "तिथे लोक कीव करतील. इथे निदान कुणाला वेळ नाही." त्यांनी एकटीने मुलीला वाढवलं आणि अमेरिकेला पाठवलं. ऋता तिथल्या विद्यापीठात खेळाडूंच्या दुखापतींचं शास्त्र शिकत होती आणि त्यांच्या फुटबॉल टीमबरोबर मैदानाच्या कडेला उभी असायची. खेळाडू जखमी झाला की धावत आत जायचं, हे तिचं काम.

पहिल्या वर्षीच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा टीव्हीच्या मागे बोटाएवढी एक स्टिक खोचून आईला मॅच लावायला शिकवून गेली. त्यानंतर ती आलीच नाही. तिच्या व्हिसाची मुदत संपली होती; शिकत होती तोवर तिथे राहता येत होतं, पण बाहेर पडली तर पुन्हा आत घेतील याची खात्री नव्हती. फोन व्हायचे. पण काकूंना फोनचं फारसं कौतुक नव्हतं. "फोनवर ती मला दाखवायला हसते," त्या म्हणायच्या. "मैदानावर मी बघतेय हे तिच्या लक्षातही नसतं. तिथे खरी दिसते."

तिकडे भर दुपारी मॅच सुरू व्हायची, तेव्हा आमच्याकडे रात्रीच्या जेवणाची वेळ. मी दुबईतल्या ऑफिसच्या ट्रॅफिकने आठवडाभर पिचलेली असायची. शनिवारी काकूंकडे ताट घेऊन जाणं ही माझी चैन झाली. खेळाचे नियम आम्हा दोघींनाही शेवटपर्यंत कळले नाहीत. कुणी लंगडायला लागलं की काकू ताठ व्हायच्या. नेमका तेव्हाच स्क्रीनवर तो गोल फिरायला लागला, तर "यल्ला, यल्ला, हल जरा!" म्हणून स्टिकला दम द्यायच्या. मग पांढरी टोपी घातलेली एक छोटीशी आकृती धावत यायची, वाकायची आणि जाहिरात लागायची. काकू समाधानाने भाताला हात घालायच्या. "मला माहीत आहे हे वाईट आहे," एकदा त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या लेकराचा गुडघा दुखावल्याशिवाय माझं लेकरू मला दिसत नाही. काय करू?"

तो शनिवारही तसाच सुरू झाला. चेंडू घेऊन पळणाऱ्या एका मुलाला दोघांनी खाली पाडलं. दोघे उठले, तो उठला नाही. ऋता धावत आली. "आली! आली बघ!" काकू ओरडल्या. ऋताने गुडघ्यांवर बसून त्याचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. या वेळी जाहिरात लागली नाही. तिचा चेहरा कधी नव्हे इतका जवळून दिसत होता. ती त्या मुलाशी सारखं काहीतरी बोलत होती. हळूहळू दोन्ही टीमची मुलं गुडघे टेकून बसली. कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला. एक बाई तोंडावर हात दाबून पायऱ्या उतरत होती. ती त्या मुलाची आई होती.

काकूंनी ताट बाजूला सारलं. स्ट्रेचर गेल्यावर टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी ऋताचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. "आई, मी त्याचं डोकं धरलं होतं आणि तो विचारत होता, माझे पाय कुठे आहेत? मी पुन्हा तिथे नाही जाणार." मुलाचा जीव वाचला होता, मानेखालचं शरीर मात्र लुळं पडलं होतं. काकूंनी तिला पोटभर रडू दिलं. मग आपल्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "जायचं. पडलेल्याकडे बघणारे पुष्कळ असतात, ऋता. तू धावणारी आहेस."

फोन ठेवल्यावर मात्र त्या माझ्याकडे वळल्या. "वैशाली, मी विज्ञान शिकवते. शारजात बसून मी काही म्हटलं म्हणून तिकडे कुणाची मान मोडत नाही. पण हे त्या पायऱ्या उतरणाऱ्या बाईला तोंड वर करून सांगू शकेन का मी?"

ऋता मैदानावर परत गेली. काकू मॅच लावत राहिल्या, पण आता हात जोडून बसायच्या. कुणी अडखळलं की "ऊठ बाळा, ऊठ" असं पुटपुटायच्या. मॅच संपली की म्हणायच्या, "आज दिसली नाही. बरं झालं."

पुढच्या सीझनला त्यांचं जेवण तुटलं. पोटात दुखायचं, ते त्यांनी ॲसिडिटीवर ढकललं होतं. तपासण्या झाल्या तेव्हा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरांच्या केबिनबाहेर त्यांनी माझं मनगट धरलं. "डिग्री होईपर्यंत ऋताला एक शब्द नाही. ती निघून येईल आणि तिला परत जाता येणार नाही. खलास."

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्यांचा निर्णय आहे. तू मध्ये पडू नकोस." मी त्याच संध्याकाळी ऋताला फोन केला. ऐकून तिने एवढंच विचारलं, "ताई, ती बोलू शकतेय ना अजून?"

ती आली तेव्हा काकू हॉस्पिटलमध्ये होत्या, पिवळ्या पडलेल्या. दारात मुलगी बघून त्यांचा पारा चढला. "कशाला आलीस? तिथे मैदानावर कोण आहे?"

"आहेत आई, दुसरे आहेत."

"आणि तुझा व्हिसा?"

"बघू."

"बघू म्हणजे काय?" असं म्हणता म्हणता त्यांनी हात पुढे केला. ऋता जवळ बसली. काकूंनी तिच्या कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून हात फिरवला, पुन्हा पुन्हा. "केवढी मोठी झालीस गं," त्या म्हणाल्या. "टीव्हीत एवढीशी दिसायचीस."

पुढच्या आठवड्यात, दुपारी, ऋता त्यांना कुशीवर वळवत असताना काकू गेल्या. जेबेल अलीच्या स्मशानात शाळेतले काही जण, आम्ही आणि ऋता, एवढेच होतो.

ऋताचा अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला. शेवटच्या सेमिस्टरसाठी ती परत जाऊ शकली नाही. इथल्या व्हिसाची मुदत संपली तेव्हा ती मामाकडे पुण्याला गेली. निघताना मी तिला धीर करून विचारलं, "मी फोन केला नसता तर बरं झालं असतं का गं?"

"माहीत नाही, ताई," ती म्हणाली. "डिग्री गेली याचं रोज वाईट वाटतं. पण तुम्ही फोन केला नसतात, तर मी तुमच्याशी आयुष्यात बोलले नसते."