पेशंटसोबत आलेले मामा

मी बी.एस्सी. झालो तो आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मामांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण एकदा सांगायचं राहिलं. मामा तिथे शिपाई होते. असे मामा तुम्हीही पाहिले असतील. काहीही बुळबुळीत दिसलं की ते चिमटीत धरायचे, चोळायचे, हुंगायचे आणि म्हणायचे, "आधी हात लाव, मंग नाव सांग." हिंगोलीजवळच्या गोरेगावहून जीपने येणाऱ्या मला मायक्रोस्कोपमध्ये पाहायला त्यांनीच शिकवलं. त्याआधी दोन महिने मी भिंगात दिसणाऱ्या माझ्याच पापण्यांची चित्रं काढत होतो.

पदवीनंतर हिंगोलीत लहान मुलांच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. रडणाऱ्या लेकरांसाठी डॉक्टरांनी काचेची पेटी ठेवली होती. त्यात खारं पाणी आणि समुद्रातले दोन नारिंगी मासे. ते सांभाळणं हेच माझं काम. आई गावभर मला 'माशांचा डॉक्टर' म्हणू लागली. आमच्याकडे समुद्र कोणी पाहिलेला नसल्याने माझ्या ज्ञानावर कोणी शंकाही घेतली नाही.

तिसऱ्या महिन्यात वाळूवर जांभळट-लाल साय धरली. मी मोबाईलवरचे फोटो ताडून एक लांबलचक लॅटिन नाव शोधलं आणि शेवाळ मारायचं औषध ओतलं. साय हलली नाही. मासे मात्र वर येऊन धापा टाकू लागले. डॉक्टर म्हणाले, "महिनाभरात साफ झालं नाही तर पेटी काढून टाकू." पेटीबरोबर मीही जाणार, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

मी मामांना बोलावलं. निवृत्त होऊन ते हट्टा गावात लेकीकडे राहत होते. बस बदलून आले, बाही सारून पेटीत हात घातला. सायीचा सलग पापुद्राच चिमटीत आला. त्यांनी तो हुंगला.

"हे शेवाळ न्हाई. जिवाणूंचा थर हाय. पहिल्या वर्षाची स्लाईड इसरला व्हय?"

त्या स्लाईडला मला पैकीच्या पैकी गुण होते.

मग मामा पेशंटच्या बाकावर बसले आणि पेटी सोडून माझ्याकडेच बघत राहिले. दुपारपर्यंत मी पाच वेळा खाणं टाकलं. मासे काचेशी आले की मला राहवत नसे. आमच्या घरी दारात आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत.

"पोरा, मासे दोन, अन् पंगत कितीची वाढून राहिलास? उरलेलं सडतंय, त्याच्यावर हे पोसतंय. औषध बंद. दिवसाला एक चिमूट. अन् साय रोज नळीनं ओढून काढ."

तेवढ्यात डॉक्टर आले. "हे कोण?"

मळका पायजमा, कोपरापर्यंत ओला हात.

"पेशंटसोबत आलेत," मी म्हणालो.

मामा बाही खाली करत उठले. "व्हय," म्हणाले, "पेशंटसोबतच आलतो."

महिन्यात वाळू पांढरी झाली. डॉक्टरांनी शाबासकी दिली. मी ती लॅटिन नावासकट घेतली. मामा पुन्हा आले नाहीत. फोनवर "मासे बरे हायेत ना?" एवढंच विचारायचे. जे बोलता येईना, ते शेवटी लिहून पाठवलं.

"मामा, सविनय जय भीम.

मासे बरे आहेत. एकच चिमूट टाकतो. राहवलं नाही तर हात खिशात घालतो. काल डॉक्टरांना सांगितलं, त्या दिवशी बाकावर बसले होते ते माझे गुरू. ते म्हणाले, मग तेव्हाच का नाही बोललास? तुमचा ओला हात पुसायला मी साधा टॉवेलही दिला नव्हता. आता पेटीशेजारी खिळ्याला टांगून ठेवलाय. या. तुम्ही कोण, ते या वेळी मी सांगतो.

तुमचा,
पापण्या काढणारा"