हॅपो बॅग, सुकेळी आणि अध्यक्षपद

प्रारंभीच क्षमा मागते. ज्या वयात जाणती माणसे लेखणी खाली ठेवतात त्या वयात मी ती उचलत आहे, आणि तीही अशा विषयासाठी की ज्यात माझा वाटा थोडा व इतरांचा मोठा आहे. नोकरीभर मी रुग्णांच्या केस-शीट लिहिल्या. तिथे विशेषणे चालत नसत. हे लिखाण कोरडे वाटल्यास तो सवयीचा परिणाम समजावा.

मी सैन्यदलाच्या नर्सिंग सेवेतून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले. राहते उमेळ्यात, वडिलांच्या केळीच्या वाडीत. म्हणजे इमारतींनी वाडीचा जेवढा भाग अद्याप शिल्लक ठेवला आहे तेवढ्यात. धाकटा भाऊ सायमन शेजारीच राहतो. उंचीवरच्या आजारांचे संशोधन करणाऱ्या एका लहानशा आंतरराष्ट्रीय संस्थेचे चिटणीसपद मी काही वर्षे सांभाळले. यंदा त्या संस्थेने मला आगामी अध्यक्ष म्हणून निवडले. ‘निवडले’ हा शब्द थोडा भारी आहे. दुसरे कोणी उभे नव्हते.

अर्नाळ्याहून मासळी घेऊन येणाऱ्या हिरामावशीला हे सायमनने सांगितले. तिने पाटी पायरीवर टेकवली आणि माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले.

“अगो बाय, तू उंचीची अध्यक्ष? तुज्या घराला त माला पन नाय!”

ते खरेच होते. आमच्या वाडीत भरतीच्या दिवसांत विहिरीचे पाणी मचूळ होते, इतके आम्ही समुद्राच्या पातळीला धरून आहोत.

आगामी अध्यक्षाने वार्षिक सभेत आपले अग्रक्रम मांडावेत, अशी संस्थेची प्रथा आहे. सभा शनिवारी दुपारी, संगणकाच्या पडद्यावर होणार होती. कार्यकारिणीने एक मसुदा पाठवला होता. नवे संकेतस्थळ, तरुण डॉक्टरांना पारितोषिके, आणखी काही देशांत शाखा. सर्व योग्यच होते. परंतु संस्थेच्या घटनेत एक अट आहे: सभासदाकडे वैद्यकाची, नर्सिंगची किंवा विज्ञानाची पदवी हवी. ही अट काढून टाकावी, उंचीवर रुग्णांजवळ काम करणाऱ्या कोणालाही सभासद होता यावे, हा माझा एकमेव अग्रक्रम होता. तो मान्य झाला नाही, तर अध्यक्षपद घेण्यात मला अर्थ वाटत नव्हता. मात्र ज्यावर मतदान होईल असे काही मी जन्मात कधी मांडलेले नव्हते. गुरुवारी मी सायमनला म्हटले, प्रकृतीचे कारण सांगून नकार कळवावा हे बरे. आमचे बोलणे घरच्या बोलीत झाले. इथे ते प्रमाण मराठीत देते.

“बाय, तू बर्फात राहिलीस आणि लॅपटॉपला घाबरतेस?”

“बर्फ प्रश्न विचारत नाही.”

“मग तूच विचार. तुला कोणी अडवलंय?”

तो केळीला पाणी सोडायला निघून गेला. मी बसून राहिले आणि मला लडाखमधले आमचे हॉस्पिटल आठवले.

तिथे मी कॅप्टन होते. दिनक्रम ठरलेला असे. सकाळी मॉर्निंग रिपोर्ट, मग वॉर्ड राउंड, दुपारी भांडार, आणि संध्याकाळी रेडिओ सेटवर वरच्या पोस्टची खबरबात. सर्वांत उंच पोस्टवर डॉक्टर नव्हता. तिथे नर्सिंग असिस्टंट होते नाईक दत्तू खरात, माणदेशातले. रेडिओवर मराठी ऐकू आली की त्यांना स्फुरण चढे.

“मॅडम, तुमच्या गावाला नुसतं पाणी, आमच्या गावाला नुसता फुफाटा. देवानं दोघांना बर्फात आणून हिशेब मिटवला. ओव्हर.”

वडिलांनी घरून सुकेळी पाठवली होती. सुकेळी म्हणजे आमच्याकडची उन्हात वाळवलेली राजेळी केळी. वजनाला हलकी, महिनोन्महिने टिकणारी. ही गोष्ट मी चुकून सेटवर बोलले. त्यानंतर दररोज संध्याकाळी पोस्टच्या अहवालाचे शेवटचे वाक्य ठरून गेले: “रुग्ण निरंक. सुकेळी अप्राप्त. ओव्हर.”

त्या हंगामात हॉस्पिटलला नवे कमांडंट आले, कर्नल नेगी. नवा कमांडंट आला की काहीतरी हलते, हा सैन्यातला अनुभव आहे. बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेचे दगड हलतात. एकाला ते गेरूने रंगवलेले आवडतात, दुसऱ्याला चुन्याने. आमच्या सुभेदार साहेबांनी दूरदृष्टीने दोन्ही भिजवून ठेवले होते. सैनिक संमेलनात कर्नल साहेब उभे राहिले.

“मेरी एक ही प्रायॉरिटी है. सेट का बटन दबा हो, तो दबानेवाला बहरा होता है. पोस्ट बोलेगी, हॉस्पिटल सुनेगा. कोई पॉइंट?”

सुभेदार साहेब उठले. “साहब, पत्थर?”

“पत्थर ठीक हैं.”

सुभेदार साहेबांचा चेहरा उतरला. दोन बादल्या वाया गेल्या होत्या.

बटणाची गोष्ट अशी. त्या सेटवर बोलताना बटण दाबून धरावे लागे, आणि ते दाबलेले असेपर्यंत पलीकडचे ऐकू येत नसे. बोलणे संपले की ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडायचे. हॉस्पिटलची सवय मात्र लांबलचक सूचना देण्याची होती. पोस्टच्या वाट्याला फक्त ‘रॉजर’, म्हणजे ‘समजले’, येई.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी दोनच्या सुमारास, पोस्टवरून हाक आली. एका जवानाच्या फुफ्फुसांत पाणी झाले होते. उंचीवरच्या या आजाराला आम्ही ‘हॅपो’ म्हणतो. थुंकीला फेस, श्वासाला घरघर. उपाय एकच: रुग्णाला खाली आणणे. परंतु बर्फ पडत होता. हेलिकॉप्टर उडणार नव्हते आणि पायवाट बंद होती. पोस्टवर एक हॅपो बॅग होती. ही माणूस मावेल एवढी, हवाबंद पिशवी. रुग्णाला आत ठेवून पायाच्या पंपाने हवा भरत राहायचे. आतला दाब वाढतो आणि रुग्णाचे शरीर काही हजार फूट खाली उतरल्यासारखे सावरते. पंप मात्र थांबता कामा नये.

मेडिकल स्पेशालिस्टनी औषधे सांगितली. खरातांनी ती दिली. रुग्ण बॅगेत गेला, पंप सुरू झाला. मग कर्नल साहेबांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

“आप बात कीजिए. उसको अपनी भाषा में बोलने दीजिए.”

मी बटण दाबले. “खरात, आता काय दिसतंय? ओव्हर.”

बटण सोडले. सेटमध्ये खरखर. उत्तर नाही. खोलीतल्या प्रत्येकाजवळ एकेक सूचना तयार होती. स्पेशालिस्टनी तोंड उघडले. कर्नल साहेबांनी तळहात वर केला, आणि तो तसाच धरून ठेवला. आम्ही थांबलो.

मग आवाज आला. “मॅडम, पेशंट आहे तसाच आहे. पण एक सांगू का? विचारलं नाही तुम्ही, पण सांगतो. पंप मारणारा एक पोरगा मघापासून गप्प झालाय. एरवी तोंड बंद नसतं त्याचं. त्याचे ओठ निळे दिसतायत. ओव्हर.”

बॅग एक होती आणि रुग्ण आता दोन होते. पंप मारणे म्हणजे त्या उंचीवर धावण्यासारखेच. आमचे सर्व लक्ष बॅगेतल्या माणसावर होते. बाहेर घाम गाळणाऱ्याबद्दल विचारण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते.

“त्याला बसवा. ऑक्सिजनचा सिलिंडर त्याला लावा. पंपावर किती जण उरले? ओव्हर.”

“मी, दोन जवान आणि कुक. कुक म्हणतो, कणीक मळणारा माणूस पंपाला भीत नाही. ओव्हर.”

“पाळी लहान ठेवा. दमण्याआधी माणूस बदला. प्रत्येकाचे ओठ बघा. तुमचेसुद्धा. ओव्हर.”

“माझे ओठ कोण बघणार, मॅडम? ओव्हर.”

“कुक. ओव्हर.”

“मग मेलोच. त्याला चष्मा आहे. ओव्हर.”

खोलीत सर्वजण हसले. स्पेशालिस्टसुद्धा. अंधार पडेपर्यंत आणि त्यानंतरही हे असेच चालले. आम्ही एक प्रश्न विचारायचा, बटण सोडायचे आणि वाट पाहायची. सकाळी आभाळ उघडले. हेलिकॉप्टरने दोघांनाही खाली आणले. दोघे बरे झाले. ज्याचे ओठ निळे झाले होते त्याने वॉर्डात इतकी बडबड केली की त्याला लवकर डिस्चार्ज द्यावा लागला.

पुढच्या कॉन्व्हॉयबरोबर मी सुकेळीचे अख्खे पुडके वर पाठवले. संध्याकाळी अहवाल आला.

“रुग्ण निरंक. सुकेळी प्राप्त. सगळ्यांना वाटली. कुक विचारतो, हे गाजर कुठल्या जातीचं? ओव्हर.”

त्यानंतरच्या हिवाळ्यात नाईक दत्तू खरात शेजारच्या पोस्टवरील एका रुग्णाकडे निघाले असताना हिमस्खलनात गेले. त्यांच्याबरोबरचे दोघे वाचले. मी ड्यूटीवर होते. त्या संध्याकाळी पोस्टचा अहवाल दुसऱ्याच आवाजात आला.

उंचीवरच्या आजारांचा अभ्यास मी त्यानंतर सुरू केला. आणि संस्थेची घटना जेव्हा जेव्हा माझ्यासमोर आली, तेव्हा तेव्हा माझ्या मनात हेच आले, की खरात हयात असते तर त्यांना आम्ही दारातूनच परत पाठवले असते.

शनिवारी मी पडद्यासमोर बसले. नकार कळवलेला नव्हता. सायमन आवाज तपासण्यासाठी बाजूला बसला होता. माझी पाळी आल्यावर कार्यकारिणीच्या मसुद्याला मी मनापासून पाठिंबा दिला, मग पदवीची अट काढण्याचा माझा ठराव मांडला आणि खरातांची हकिगत थोडक्यात सांगितली. शेवटी, सवयीने, माझ्या तोंडून “ओव्हर” गेले.

पडद्यावरचे सर्व चेहरे स्तब्ध झाले. कोणी बोलेना. आवाज गेला असे समजून सायमनने लॅपटॉपकडे हात नेला. मी तळहात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

प्रथम एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारले, “आणि दर्जाचे काय?” प्रश्न रास्त होता.

“दर्जा शोधनिबंधाचा तपासू,” मी म्हटले. “माणसाला आधी आत तर येऊ द्या.”

मग दूरच्या एका डोंगराळ देशातल्या डॉक्टरांनी आपली खुर्ची सरकवली आणि मागे उभ्या असलेल्या बाईंना पुढे बोलावले. त्या खिंडीतल्या आरोग्यचौकीवर काम करीत. डॉक्टर दुभाष्याचे काम करू लागले.

“मी सभासद नाही,” त्या म्हणाल्या. “बोलले तर चालेल का?”

“चालेल,” मी म्हटले, आणि थांबले.

त्या बऱ्याच वेळ बोलल्या. वर चढणाऱ्या पाहुण्यांची चौकशी सगळे करतात, ओझे वाहणाऱ्यांची कोणी करीत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. कोणीही त्यांना मध्ये थांबवले नाही. मतदान झाले. काही मते विरोधात गेली, परंतु ठराव मंजूर झाला. ज्येष्ठ डॉक्टरांनी हात वर केला तेव्हा तो कोणत्या बाजूने आहे हे मला क्षणभर कळले नाही. तो आमच्या बाजूने होता.

सायमनने लॅपटॉप मिटला. “झालीस अध्यक्ष. आता घराला माळा काढू.”

हिरामावशीलाही मी बातमी सांगितली. “मंग आता अजून मानसं येतील?” तिने विचारले. येतील, म्हटले. “बोलव, बोलव,” असे म्हणून तिने पाटी डोक्यावर घेतली.

नाईक दत्तू खरात यांना आता सभासद करून घेता येत नाही. गेलेल्या माणसाला कोणतीही संस्था सभासद करून घेत नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्यासारखी माणसे आजही कुठल्यातरी चौकीवर, कोणाच्यातरी ओठांचा रंग न्याहाळत बसलेली असतील. मला ती सापडायला हवी आहेत. वाडीत या वेळची राजेळी उतरली आहे, सुकेळी वाळत आहे, आणि पहिली पुडकी त्यांच्याचसाठी ठेवली आहेत.

तुमच्या ओळखीत असे कोणी आहे का?