बांचं एक खोटं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. माझं काही अडलेलं नाही. यवतमाळात कॉलेजात शिकवतो, घर आहे, हवी तेवढी पुस्तकं आहेत. गेल्या महिन्यात बा गेले, तेही समाधानानं. मग आज का लिहितो? कारण त्या समाधानातला एक मोठा तुकडा मी दिलेला होता — आणि तो खरा नव्हता.

बा राळेगावच्या एका कापसाच्या जिनिंगात चौकीदार होते. छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून खोटं बोलणं बंद म्हणजे बंद. मी लंडनला शिकायला गेलो, तेव्हा तिथली मुलं एक युक्ती करत. ऑपरेटरला माणसाचं नाव देऊन घरी कॉल लावायचा; तोच माणूस फोनवर आला तरच पैसे लागायचे. घरच्यांनी 'ते नाहीत' म्हणायचं. बोलणंच झालं नाही, म्हणून पैसे नाहीत. पण पोरगा ठीक आहे, एवढं घरी कळतं. बांना हे कसं जमणार? समोर असून नाही म्हणायचं? शेवटी मी पत्रातून तोड कळवली — मी 'दौलतराव' मागेन. त्या नावाचं जिनिंगात कुणी नव्हतंच. कचेरीतल्या फोनवर बा खणखणीत सांगत, "इथं कोनी दौलतराव नाही जी!" शील शाबूत, आणि मी खुशाल.

असे पुष्कळ रविवार गेले. मग एकदा — मुंबईच्या ऑपरेटर बाईनं दौलतराव मागितले, आणि पलीकडून आवाज आला, "हाव जी, मीच दौलतराव. बोलू द्या त्याले."

त्यांना माझ्याशी बोलायचं होतं. एवढंच. तेवढ्यासाठी त्यांनी शील मोडलं. आणि मी? पैसे खिशात होते — पुस्तकांसाठी ठेवलेले. मी इंग्रजीत बाईला म्हणालो, हा तो माणूस नाही, हा खोटं बोलतोय, कॉल रद्द करा.

किती सहज म्हणालो!

परत आलो तेव्हा बांनीच विषय काढला. "लाईन तुटली ना बे? पन तुया आवाज आयकला म्या. काय फाडफाड इंग्रजी! काय सांगून राह्यला होता तिले?"

मी म्हणालो, "हे माझे वडील आहेत, असं सांगत होतो."

बा कितीतरी वेळ हसत होते. पुढं विहारात, चहाच्या टपरीवर, सोयऱ्यांत — जिथं तिथं तीच गोष्ट. "जल्मात एकच खोटं बोललो, तं पोरानं तिथल्या तिथं खरं सांगून टाकलं!"

त्या वाचवलेल्या पैशांतून घेतलेलं पुस्तक अजून माझ्याकडे आहे. चांगलं आहे.

शोकसभेत बांचे जिनिंगातले दोस्त किसनकाका हीच गोष्ट सांगायला उठले. लोक रडता रडता हसले. काका मधेच थांबले, माझ्याकडे वळले. "तूच सांग बाप्पा, काय म्हटलं होतं तू तिले?"

मी उभा राहिलो, आणि तेच पुन्हा सांगितलं.