उतरलेला खांदा

घरात तिला सगळे टाचणी म्हणत. अंगानं काडी, त्यात लहानपणापासून आईच्या शिलाई मशीनपाशी बसून तोंडात टाचण्या धरायची सवय. दुसरं नाव शोधायची कुणाला गरजच पडली नाही. मॅडमच्या डिझाइन स्टुडिओत ती उमेदवारीवर होती आणि उमेदवारी आज संपत होती. स्वतः काढलेलं, स्वतः कापलेलं, स्वतः शिवलेलं एक जॅकेट मॅडमना दाखवायचं. पसंत पडलं तर नोकरी पक्की, नाही तर घरचा रस्ता धरायचा.

चित्र काढण्यात तिचा हात धरणारं इथं कुणी नव्हतं. त्या जोरावरच तिला घेतलं होतं. कात्री मात्र तिनं आजवर फक्त घरीच चालवली होती, आणि धाकधूक होती ती त्याचीच. जॅकेट तिनं जीव ओतून केलं होतं. कॉलर मॅडमच्या धाटणीची, कारण मॅडमचं काम बघून बघून तिच्या पेन्सिलीलाच तसं वळण लागलं होतं. खिसे बाबांच्या खिशांसारखे खोल. बाबा लिफ्टची दुरुस्ती करत, त्यांच्या खिशात अर्धं दुकान असे. पाठीवरची चुणी आईची. मग यात माझं असं काय, हा प्रश्न तिला आठवडाभर कुरतडत होता.

जॅकेट पुतळ्यावर चढवलं, तर उजव्या बाजूला कापड ओढल्यासारखं दिसत होतं, कॉलर मानेपासून सुटून उभी राहत होती. तिनं इस्त्री फिरवली. खांदा उसवून पुन्हा शिवला. ये रे माझ्या मागल्या! कटिंग मास्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "त्या पुतळ्यावर कशाला डोळे वटारतेस? तो बिचारा सरळ उभा आहे."

तेवढ्यात मॅडम आल्या. जॅकेटकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि ज्यावरून ते कापलं होतं ते कागदी कटिंग सरळ मागितलं. ते मधोमध दुमडून उजेडासमोर धरलं. उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली.

"हे मुद्दाम केलंस?"

"उजवा खांदा अर्धा इंच उतरता घ्यायचाच असतो ना, मॅडम?"

मास्टर खो खो हसले. टेबलापलीकडं शिवत बसलेल्या पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. मॅडम हसल्या नाहीत. "कुणाचा?" त्यांनी विचारलं.

आणि टाचणीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आई तिला गिऱ्हाइकाच्या कापडाला हात लावू देत नसे. शिकायचं ते बाबांच्या शर्टावर, बिघडला तरी घरातच राहील. आणि अवजारांची पिशवी वाहून वाहून बाबांचा उजवा खांदा कायमचा उतरलेला. आईनं कधीतरी तसं सांगितलंही असणार. ते कारण डोक्यातून गेलं, हात मात्र विसरला नाही. एका माणसाचा खांदा तिनं आख्ख्या जगाला लावून टाकला होता.

"माझ्या बाबांचा," एवढंच म्हणायचं होतं. पण मास्टर अजून हसत होते आणि पोरी टक लावून बघत होत्या.

"असं शिकवलं कुणी तुला?" मॅडमनी विचारलं.

"आईनं," ती म्हणाली. मग घाईघाईनं पुढं, "घरगुतीच शिवते ती. तिचं... चुकतं थोडं."

"हं. खाण तशी माती," मॅडम म्हणाल्या. "असू दे, वळण मोडता येतं. रेघ चांगली आहे तुझी. उद्यापासून मास्टरांच्या हाताखाली बस, कापायचं सगळं पहिल्यापासून शीक. ठेवून घेतलं तुला."

नोकरी पक्की झाली, पण घरी जाताना तिला स्वतःचीच इतकी लाज वाटत होती, की आपल्या गल्लीचं वळण आलं तरी ती सरळच चालत राहिली आणि मग मागं फिरली.

ती दारात दिसताच आईनं मशीन थांबवलं. "काय झालं गं?"

"ठेवून घेतलं."

बाबांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. आईचे डोळे भरून आले. बराच वेळ ती कापडावरचे दोरे उगाच झटकत राहिली, आणि मग जरा लाजतच म्हणाली, "मॅडमनी विचारलं असेल ना, कुणाकडं शिकलीस म्हणून?"

"विचारलं."

"मग? माझं नाव सांगितलंस?"

टाचणीला वर बघवेना. "सांगितलं," ती म्हणाली.

आई बाबांकडे वळली. इतकी ताठ मान तिनं कधी केली नव्हती. "ऐकलंत ना? एवढ्या मोठ्या ठिकाणी माझं नाव निघालं आज."