विरजण संपवण्याआधी

अनू, निखिल, आजच लिहिते आहे, कारण सकाळी शेजारच्या गच्चीत टोमॅटोवरच्या चिमण्या हाकलायला बांधलेली कॅसेटची तपकिरी टेप फडफडताना दिसली आणि राग पुन्हा उफाळून आला. तुमच्या बाबाने आजोबांच्या आवाजाच्या कॅसेटी डिस्कवर उतरवल्या आणि लगेच भंगारात दिल्या. "आई, सगळं डिस्कवर आहे गं," म्हणाला. एकदाही लावून ऐकलं नाही. आता ती डिस्क उघडत नाही. मी नोकरीत असताना ऑफिसात दर शनिवारी आम्ही कॉम्प्युटरच्या डिस्कवरचा डेटा जपून ठेवायला टेपवर घ्यायचो, पण टेप वाचून बघितल्याशिवाय मी कुणाला डिस्क पुसू दिली नाही. नवं दही लागण्याआधी जुनं विरजण कुणी संपवतं का? एक कॅसेट माझ्या कपाटात राहून गेली होती. तिच्यात आजोबा पातळ दुधावरून गवळ्याशी भांडतात. त्यांचा तेवढाच आवाज उरला आहे.