न वाजवलेली चिमणी

धरणगावच्या कुंभारवाड्यात मगनला हाक मारायची तर दोनदा मारावी लागते. कानाने ठणठणीत आहे हो माणूस, पण कमलबाई गेल्यापासून पहिली हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दुसऱ्या हाकेला मान वर होते, "काय?" म्हणतो, आणि आपण काय सांगितलं ते ऐकून पुन्हा होता तसा बसतो. चहा कढत असो की पार गार, एकाच चालीने पितो. सुनेच्या, म्हणजे पुनमच्या हातून एकदा वरणात मीठ घालायचं राहिलं. मगनने ताट स्वच्छ केलं, हात धुतले, उठला. नंतर पुनम जेवायला बसली तेव्हा तिला कळलं.

लोक म्हणायचे, बायको गेल्याचं मनाला लावून घेतलंय. कसलं लावून घेतलंय! मगनला लागतच नव्हतं, आणि त्याचीच त्याला धास्ती होती. तो मुद्दाम तिची जुनी चप्पल समोर ठेवून बसे. तिचं बोलणं आठवे, आजारपणात सुकून गेलेलं तिचं तोंड आठवे, आणि वाट बघत राही, की आता येईल रडू. नाही यायचं. थंडीत हात बधिर झाला की आपणच आपल्याला चिमटा काढून बघतो ना, तसं त्याचं दिवसभर चालायचं. त्याला देवाकडे दुसरं काही मागायचं नव्हतं. एकदा, फक्त एकदा रडू यावं, म्हणजे आपण माणसात आहोत एवढं तरी कळेल.

त्याच्या या धास्तीला एक कारण होतं आणि ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. सांगतो.

मगनच्या घरचं मडकं वाजवल्याशिवाय बाहेर पडत नाही. बोटाचं पेर मारायचं, टण्ण वाजलं की गिऱ्हाइकाच्या हातात, भद्द वाजलं की बाजूला. बाजारात बाया स्वतःसुद्धा वाजवून घेतात, त्यात कुणाला राग नाही. पण मर्तिकाचं गाडगं, तिरडीच्या पुढे ज्यात आग घालून नेतात ते, कुणी वाजवत नाही. कुंभार मुकाट्याने काढून देतो, नेणारा मुकाट्याने नेतो. अहो, स्मशानात नेऊन फोडायचंच ते, वाजवून बघायचंय काय? मगनने उभ्या जन्मात अशी किती गाडगी दिली असतील, कधी बोट लावलं नाही.

आणि कमलबाई गेली त्या सकाळी, अंगणात सोयरेधायरे जमलेले, त्याचा पोरगा नवल सुरतेहून धावत आलेला, तिरडी बांधून तयार, आणि मगन मागच्या पडवीतून गाडगं आणायला गेला. दारात आला, आणि सगळ्यांच्या देखत त्याने ते वाजवलं. एक खाली ठेवलं, दुसरं उचललं, तेही वाजवलं. मग तिसरं. ते टण्ण वाजलं, ते नवलच्या हातात दिलं.

कमलबाईचा भाऊ प्रेमराज शिंदखेड्याहून आला होता, त्याच्याने राहवलं नाही. "दाजी, हाऊ बजार शे का? मडकं वाजाडी ऱ्हायनात! फोडाकरताच शे ना ते!"

मगन काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, पण नाही बोलला. डोळ्यांतून टिपूसही नाही. झालं! दहाव्याच्या आत ही गोष्ट शिंदखेड्याला पोचली, जामनेरला पोचली, आणि प्रत्येक गावात तिला थोडं तिखटमीठ लागलं. बायकोचं मर्तिक आणि हा माल पारखतोय! काय काळीज म्हणायचं का धोंडा? पुनमही त्या दिवशी दारातच उभी होती. तिने तोंडाने कधी काही म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून ती "आबा, ताट वाढेल शे" एवढंच म्हणायची आणि आत निघून जायची. पूर्वी सासऱ्याशी तासन्‌तास बडबडणारी पोर ती. सासूवर जीव होता तिचा.

त्यानंतर मगनच्या हाताने मडकं वाजवलं नाही. वाजवायला बोट उचलायचं आणि तसंच खाली यायचं. नवल सुरतेला परत गेला होता. मग पुनमच हाटात न्यायचा माल गुपचूप वाजवून निवडू लागली.

तर अशा या घरी, थंडी पडायला लागली तेव्हा, राजदीप आला. जळगाव रस्त्याला त्याची केळीची बाग आहे, ठिबकच्या नळ्यांची एजन्सी आहे, आणि शेतात बांधलेलं एक फार्महाऊस आहे. तिथे गवत विकत आणून लावलंय. आता खान्देशातला माणूस गवत उपटायचे पैसे देतो, हा लावायचे देतो, असो. त्याने मोबाइल काढला आणि मगनच्या नाकासमोर धरला.

"आबा, हे बघा. मेक्सिकोत असते अशी. चिमिनिया. बागेत ठेवायची, आत विस्तव, भोवती खुर्च्या टाकून बसायचं. विकत मागवली तर रस्त्यात फुटून येते म्हणतात. तुम्ही करा ना मला."

"चिमणी?" मगन म्हणाला.

"चिमणी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा."

मगनने बघितलं. रांजणासारखं पोट, पोटाला पुढून चुलीसारखं तोंड, आणि वर निमुळती होत गेलेली लांब मान, धूर जायला. तो बराच वेळ बघत राहिला. राजदीपला वाटलं, म्हातारा माप घेतोय. मगन मात्र मनात एवढंच म्हणत होता, की आग घराबाहेर, आणि मडक्यात. त्याच्या धंद्यात अशी एकच वस्तू होती. पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. बरं म्हणाला.

काम मात्र त्याने केलं, आणि नीट केलं. मातीत राख मिसळली, घोड्याची लीद मिसळली. मान चाकावर ओढली. पोट थापीने ठोकत ठोकत फुगवलं. हात सगळं जाणत होते, त्यांना मगनची गरज नव्हती. अडलं ते तोंडापाशी. कुंभाराच्या घरात चाक बाप्याचं आणि चूल बाईची. चुलीचं तोंड, त्याचा काठ, आतली वळणं हे सगळं कमलबाई करायची, मगनने कधी चुलीला हात लावला नव्हता. तो तसाच बसून राहिला. ओट्यावरून पुनम बघत होती. ती आली, पदर खोचला, ओल्या सुतळीने पोटाला तोंड कापलं आणि अंगठ्याने त्याचा काठ वळवायला लागली. अगदी सासू वळवायची तसा, बाहेरून आत. मगनने ते पाहिलं. आता तरी काही होईल म्हणून त्याने वाट बघितली. काहीच झालं नाही. तो उठून पाणी प्यायला गेला.

भट्टीतून चिमणी निघाली ती लालबुंद, देखणी. कुंभारवाडा बघायला लोटला. शेजारचा तोताराम म्हणाला, "मगन भो, हाई बठ्ठं दखीसन माले वाटस तूच मेक्सिकोना शे!" सगळे हसले. पुनमसुद्धा हसली. तिने वाजवायला बोट पुढे केलं, तर मगन म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आगनं शे ते."

पुनमचं बोट तिथेच थांबलं. तिने सासऱ्याकडे असं काही बघितलं की दुसरा कोणी असता तर जमिनीत गेला असता. म्हणजे परक्याच्या बागेतल्या खेळण्याला हा नियम पाळणार, आणि सासूबाईंच्या वेळी? ती आत गेली आणि दिवसभर भांडी आपटत राहिली.

राजदीपने चिमणी नेली, गवतात मांडली, आणि मंडळी बोलावली. भरीत पार्टी! जामनेरची वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, सगळा थाट. आता नवी चूलसुद्धा पहिल्या दिवशी हलक्या जाळावर तापवतात, चार काड्यांवर, लाडीगोडीने. पण सांगणार कोण, आणि मेक्सिकोच्या चुलीला खान्देशचा नियम कशाला, असं राजदीपला वाटलं असेल. त्याने कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या कोंबल्या चांगल्या गळ्यापर्यंत. पऱ्हाटी भडकते कशी ते कापूस पिकवणाऱ्याला मी काय सांगू? चिमणीच्या मानेतून जाळ बाहेर आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. आणि तड्‌ करून पोट उभं फाटलं. निखारे गवतावर, वांगी निखाऱ्यांत, पाहुणे पळापळीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजदीपचा फोन आला. पुनमने स्कूटी काढली, मागे मगनला बसवलं.

चिमणी गवतात आडवी पडली होती, भोवती गवत जळून काळं झालेलं. राजदीप पुटपुटत होता, चारचौघांत हसं झालं वगैरे. मगन उकिडवा बसला, चिरेवरून हात फिरवला. चिरेची वरची कड कालच्या जाळाने फाटलेली, नवी होती, आणि खाली बुडाशी दोन बोटं जागा जुनी, भट्टीतलीच. वाजवली असती तर पहिल्या टकटकीला बोलली असती. त्याने ते राजदीपला सांगून टाकलं. स्वतःला वाचवायचं त्याच्या मनातही आलं नाही.

राजदीपची आई रुक्माबाई खुर्चीत ऊन खात बसली होती. शेतावर हयात गेलेली बाई, जीभ धारेची. ती पुढे वाकली. "काय रे भो, तू हाई वाजाडीसन नई दिधी का?"

"आगनं मडकं आम्ही वाजाडत नई, अक्का. मर्तिकनं ऱ्हास ते."

"अरे देवा! म्हंजे मना दारम्हा तू मर्तिकनं मडकं समजीसन ठेवं?" रुक्माबाई कडाडली. राजदीप "आई, आई" करत राहिला, पण ती ऐकते थोडीच. तिने डोळे बारीक करून मगनकडे बघितलं. "थांब. धरणगावना कुम्हार ना तू? घरवालीनं मडकं वाजाडनारा तूच ना?"

पुनमने मान खाली घातली. मगन म्हणाला, "हा."

"मंग आमनं वाजाडत नई, आनि तिनं काब्र वाजाडं?"

मगनने तोंड उघडलं. काय सांगायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. या प्रश्नाजवळ तो स्वतः कधी गेलाच नव्हता. लोकांनी सांगितलं तेच खरं मानून बसला होता, की आपण काळजाचे धोंडे. मग शब्द आपोआप यायला लागले, सावकाश, एकेक.

"फुटेल निंघतं तर, अक्का?"

"तर काय? फोडाकरताच ना ते."

"तिले फुटेल कसं देऊ? जलमभर फुटेलम्हाच पानी पिधं तिनी. साजरं ते बजारम्हा जाय, चिर पडेल ते घरम्हा ऱ्हाय. डेरा झिरपे, खाले ताटली ठेये. तवाबी चिरेल, माठबी चिरेल. एक दिन नई म्हने का माले साजरं द्या." त्याचा आवाज चिरकला. "म्हनं हाई एक तरी तिले साबूत भेटो. पहिलं वाजाडं, ते भद्द. दुसरं, तेबी भद्द. मी घाबरी गऊ, अक्का. म्हनं आजबी घरम्हा तिना साठी साजरं नई का काय..."

त्या जळक्या गवतावर तो बसकण मारून बसला आणि ढसाढसा रडला. दुखत होतं. छातीत, गळ्यात, सगळीकडे एकदम दुखायला लागलं होतं, आणि ते थांबू नये असं त्याला वाटत होतं. राजदीप पाणी आणायला पळाला. रुक्माबाईने डोळ्याला पदर लावला.

पुनम त्याच्याजवळ खाली बसली. तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाजात राग होता, सगळा साचलेला राग. "आबा, हाई तुम्ही तव्हयच काब्र नई सांगं? आम्ही बठ्ठा तुम्हले काय काय समजनूत!"

मगनने बाहीने तोंड पुसलं.

"कोनी इचारंच नई, माय."